खुर्चीला झालेली गाठ

"उमटला! उमटला बघा!"

पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि मागच्या साऱ्या खुर्च्या एकदम करकरल्या. दीडशे माणसं तरी असतील. पूर्वी तिथं फर्निचरचं दुकान होतं. भिंतीवरची 'गाद्या आणि सोफे' ही पाटी काढायची राहून गेली होती. मधोमध उंच पाठीच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. त्यांच्या डोक्यावर मोठ्या रुमालाएवढं पांढरंशुभ्र कापड, कपाळाकडच्या कडेला लाल धाग्याचा एक टाका. मौनीदादांनी झारीतून फिकट पिवळं पाणी त्यावर शिंपडलं. आधी नुसतं ओलं कापड. मग जिथं काहीच नव्हतं तिथं एक सावली आली, गडद झाली आणि लिंबाएवढा निळा-काळा डाग होऊन बसली.

आजोबांच्या मुलीला रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले, हे आधीच सांगून टाकते. पुढच्या हकिकतीत शहाणी मी नाही.

"मी काही करत नाही," मौनीदादा म्हणाले. "कापड बोलतं. मी कोण? नुसती खुंटी! डॉक्टर मशीनमध्ये घालतात, आम्ही मायेत घालतो. गाठ म्हणजे काय हो? अडकलेला विचार! विचार वाहता केला की गाठ वाहून जाते. मशीनला विचार दिसतो? मशीनला फक्त बिल दिसतं!"

लोक हसले. मौनीदादा सकाळी नऊपर्यंत मौन पाळायचे आणि मग दिवसभर त्याची भरपाई करायचे. पैशाला ते हात लावत नसत. दारातल्या दानपेटीला हात असण्याची गरजच नव्हती.

मौन मीही पाळते. पहाटे पाचला उठायचं, दिवा लावायचा, पोथीचं एक पान वाचायचं आणि साडेसातपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सव्वीस वर्षं हे चाललंय. त्यानंतर शाळा, सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी नणंद. भावंडांत धाकटी म्हणून ती बेबी. आता त्रेचाळीसची आहे, तरी बेबीच. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग मास्टर. तिथल्या पोरी तिला 'डावरी मास्टर' म्हणतात, कारण कात्री तिच्या डाव्या हातात. एकदा बोटांनी चाचपलं की कुठलं कापड किती आटेल, हे ती सांगायची.

अडीच वर्षांपूर्वी बेबीच्या मेंदूतून ट्यूमर काढला. उजव्या बाजूला, कानाच्या वर. मग किरणं, मग गोळ्या. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एमआरआय आणि दर वेळी डॉक्टरबाईंचं एकच वाक्य, "स्वच्छ आहे. पुढची तारीख घ्या." नऊ वेळा ते वाक्य ऐकलं. माणूस सवयीचा गुलाम. मला वाटायला लागलं, ते वाक्य म्हणजे आपला हक्कच.

दहाव्या वेळेआधी बेबीच्या हातून कात्री पडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं ती उचललीच नाही, डाव्या हाताकडं नुसती बघत बसली.

डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरली. जुन्या जागी एक पांढरा ठिपका होता.

"परत आला का?" मी विचारलं.

"अजून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "गाठ परत आली असेल. किंवा किरणांनी भाजलेला मेंदूचा भाग असेल. तोही फोटोत असाच पांढरा दिसतो. रक्त कुठं जास्त धावतंय ते दाखवणारा दुसरा स्कॅन करू. त्यातूनही कळलं नाही, तर छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. दोन आठवड्यांत या. उशीर करू नका."

'अजून सांगता येत नाही.' हे चार शब्द घरी नेऊन मी रात्रंदिवस चघळले. बाई एवढ्या शिकलेल्या, आणि त्यांना सांगता येत नाही?

मी ते कोणापाशी बोलले? ताईपाशी. कोपऱ्यावरची लाँड्री चालवणारी ताई माझी वाचनातली सोबतीण. नऊ वर्षं आम्ही पहाटे आपापल्या घरी एकच पान वाचायचो आणि साडेसात वाजले की तिचा फोन यायचा, "काय उमगलं गं आज?" माझ्या सख्ख्या बहिणीनं मला इतकं कधी विचारलं नाही.

"त्या फिल्मचा फोटो पाठव," ताई म्हणाली. "ध्यानाला बसताना समोर ठेवते. आणि ऐक, बेबीला एकदा मौनीदादांकडं ने. त्यांना सांगता येतं."

मी फोटो पाठवला. आणि आम्ही गेलो.

बेबी कुरकुरली होती. "वहिनी, तू सायन्सची बाई ना गं?"

"एकदा जाऊन तर बघू. आपलं काय जातंय?"

आपलं काय जातं, ते पुढं कळायचं होतं.

पहिल्या दिवशी बेबीच्या डोक्यावरच्या कापडावर जो डाग उमटला, तो हुबेहूब फिल्ममधल्यासारखा होता. एका टोकाला चोच असलेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. फिल्म तर घरी कपाटात, ह्यांना कसं कळलं? फोटो मीच धाडला होता, हे त्या क्षणी मला आठवलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आठवलं. मीच ते बाजूला सारलं. ताई आणि असं? छे!

मौनीदादांनी राखाडी भुकटी दिली. सकाळी तीन चिमट्या, मधातून. तिसऱ्या दिवशी बेबीनं डाव्या हातानं कुर्त्याचं बटण लावलं. पाचव्या दिवशी कात्री चालली. मी तिथंच स्वयंपाकघरात मट्कन बसले आणि रडले.

डॉक्टरबाईंची तारीख आली आणि गेली. हॉस्पिटलमधून फोन आला, "येताय ना?" मी गोड आवाजात म्हणाले, "आता बरं वाटतंय त्यांना." बेबीनंही मला अडवलं नाही. हात चालतोय म्हटल्यावर पुन्हा कवटी उघडायला कोण धावत जाईल?

दर आठवड्याला डाग लहान व्हायचा. लिंबाचा आवळा झाला, आवळ्याचं बोर. बेबीचा चेहरा मात्र गोल गोल होत चालला. तिला रात्री झोप येईना, बकासुराची भूक लागली. "आत्म्याची भूक आहे," मौनीदादा म्हणाले. "आत्मा पोळ्या मोजत नाही, पण मी मोजतेय," बेबी म्हणाली.

पाचव्या आठवड्यापासून हात पुन्हा ढिला पडला. डोकं ठणकायला लागलं. भुकटी तीन चिमट्यांवरून सहावर गेली. सातव्या आठवड्यात डाग उरला वाटाण्याएवढा, आणि बेबीला पाण्याचा पेला धरवेना.

त्या दिवशी भर सभेत मी विचारलं, "दादा, डाग जातोय, मग हात का जातोय?"

मौनीदादांनी डोळे मिटले. "कापड स्वच्छ आहे. गळती दुसरीकडं आहे. घरात व्रत कोण करतं?"

"मी."

"मोडलं. कुठंतरी मोडलंय."

दीडशे माणसं माझ्याकडं बघत होती. माझी मान आपोआप खाली गेली. "मंगळवारी," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ऐकू येईना. "साडेसातच्या आधी मी बोलले."

"काय बोललात?"

"'बेबी' म्हणून ओरडले. ती न्हाणीघरात पडली होती."

"बघा!" मौनीदादा लोकांकडं वळले. "एक शब्द! त्या एका शब्दाच्या फटीतून गाठ परत आत शिरली! बाई, नणंदेला तुम्ही स्वतःच्या जिभेनं ढकललंत!"

मी हात जोडले. खरंच जोडले. क्षमा मागणार होते.

"वहिनी, हात खाली कर."

बेबी उठून उभी राहिली होती. एका हातानं तिनं खुर्चीची पाठ धरली होती, दुसरा हात नुसता लोंबत होता.

"मी पडले म्हणून ती ओरडली. ओरडली नसती तर मी तिथंच पडून राहिले असते. याला तुम्ही पाप म्हणता? बरं, दादा, एक सांगा. माझं दुखणं कुठल्या बाजूला आहे?"

"कापड सांगतंय ना! डावीकडं."

बेबीनं डोक्याचा स्कार्फ ओढून काढला. उजव्या कानाच्या वर, घोड्याच्या नालाच्या आकाराचा लांबलचक व्रण. विरळ केसांतून तो लांबूनही दिसत होता.

"अडीच वर्षांपूर्वी इथून काढलं. परत आलंय तेही इथंच. आणि तुमचं कापड सात आठवडे डावीकडं रडतंय. हात चालत होता म्हणून मी बोलले नाही."

मौनीदादांनी हात उंचावला. "अहो, सूक्ष्म जग आरशासारखं असतं. तिथं उजवं ते डावं!"

"आरसा नाही हो, फिल्म," बेबी म्हणाली. "एमआरआयच्या फिल्मवर माणूस उलटा दिसतो. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. पहिल्याच वेळी मी तिथल्या टेक्निशियनला विचारलं होतं, हे 'आर' अक्षर डावीकडं का? तो म्हणाला, पेशंटच्या पायाशी उभं राहून बघतोय असं समजा. तुम्ही कुठूनतरी फोटो मिळवलात आणि जसाच्या तसा उतरवलात. आमच्याकडं नवी पोर आली की पहिल्या दिवशी हेच करते, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापते! लाल टाका कपाळाकडं ठेवून नुसतं कापड पालथं टाकलं असतंत तरी निभावलं असतं. तेवढंही सुचलं नाही?"

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. कोणीतरी "गप बसा!" म्हणून दटावलं. पण मी बघत होते ते वेगळंच. रांगारांगांतून हात वर जात होते. माणसं आपापल्या माणसाच्या डोक्यावरचा व्रण चाचपत होती. त्या आजोबांच्या मुलीनं वडिलांच्या टोपीखाली बोटं घातली आणि ती तशीच थिजली.

बेबीनं पुढच्या पेशंटसाठी ठेवलेलं कोरं कापड उचललं. उजव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली. एका जागी थांबली.

"इथं. एवढं. बाकी कापड मऊ, आणि एवढंच कडक. कांजी आहे ही, वर इस्त्री फिरवलेली. वहिनी, हे त्या रिकाम्या खुर्चीवर टाक आणि शिंपड."

मौनीदादा झारीकडं झेपावले. मी हळू बोलणारी बाई, हळू चालणारीही. पण झारी माझ्या जास्त जवळ होती.

खुर्चीच्या पाठीवर कापड टाकलं आणि शिंपडलं. बेबीनं बोट ठेवलं होतं तिथंच, गोल, निळा-काळा, ठसठशीत डाग उमटला.

पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या.

"अरेरे," बेबी म्हणाली. "खुर्चीला गाठ झाली! कुठला विचार अडकला असेल बिचारीच्या डोक्यात?"

मग मात्र हसू फुटलं. मी नाही हसले. माझ्या हाताला पिवळ्या पाण्याचा ओळखीचा वास येत होता. आयोडीन. दर वर्षी सहावीच्या वर्गात बटाट्याची चकती घेऊन मी त्यावर हेच थेंब टाकते. "मुलांनो, काय झालं? निळं-काळं झालं. म्हणजे यात काय आहे? पिष्ट." कांजी म्हणजे पिष्टच. बावीस वर्षं शिकवलं, आणि माझ्याच माणसाच्या डोक्यावर तो प्रयोग सात वेळा झाला तेव्हा मी डोळे मिटून जप करत होते.

मी ते कापड नाकाला लावलं. कांजीचा तो वास लाँड्रीतून येणाऱ्या माझ्या शाळेच्या कोटाच्या कॉलरला रोज असतो. मी वर पाहिलं. कोपऱ्यात ताई बसली होती, घडी घातलेल्या कापडाची पुन्हा घडी घालत.

सगळ्यांना पटलं असं नाही. एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, "डागाचं सोडा! यांचा हात सुधारला होता की नाही? खरं सांगा!"

खरं तर तेच होतं. सुधारला होता.

त्याचं उत्तर डॉक्टरबाईंनी दिलं, दुसऱ्याच दिवशी. बेबीचा गोल चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, "स्टेरॉइड कोणी दिलं?"

"कोणी नाही. भुकटी आहे, झाडपाल्याची."

त्यांनी पुडी तपासणीला पाठवली. अहवाल आला: राखेत मिसळलेलं स्टेरॉइड. कुटलेल्या गोळ्या.

"गाठीभोवती मेंदू सुजतो," त्या म्हणाल्या. "हात जातो तो पुष्कळदा त्या सुजेनं. स्टेरॉइडनं सूज उतरते, दोन-तीन दिवसांत हात चालायला लागतो. आम्हीही देतो, पण मोजून, शुगर बघून, आणि पुढचा इलाज ठरेपर्यंत. त्यानं गाठ जात नाही. ती खाली वाढतच राहते. आणि हे बघा, चिडून भुकटी एकदम बंद करू नका. शरीराला सवय लागलीये, त्यात जीव जाईल. मी मोजून गोळ्या देते, हळूहळू कमी करू."

नवा स्कॅन झाला. पांढऱ्या भागात रक्त भरभरून धावत होतं. भाजलेला भाग नव्हता तो, गाठच होती. सात आठवड्यांत ती हात हलवणाऱ्या भागापर्यंत सरकली होती.

"तेव्हाच आलो असतो तर?" मी विचारलं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म शेजारीशेजारी धरल्या. "ऑपरेशन सोपं गेलं असतं. सगळी निघाली असती का, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी लाँड्रीत गेले. ताई इस्त्री करत होती. मला बघून तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"तू कांजी लावायचीस," मी म्हणाले.

"ते आकार काढून द्यायचे. मी लावायची."

"फोटो?"

"मीच दिला." मग ती एकदम बोलायला लागली. "तुझी काय दशा झाली होती बघितलं होतंस? झोप नाही, जेवण नाही. त्यांच्याकडं गेलीस आणि झोपायला लागलीस. धीर दिला मी तुला! त्यात काय वाईट केलं?"

"मी झोपायला लागले, ताई. बेबी झोपेना."

"भुकटीत काय होतं मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते."

"कापडावर काय होतं ते माहीत होतं." माझा आवाज चढला नाही, तो चढतच नाही. "त्या दिवशी सगळ्यांसमोर दादांनी 'मोडलंय' म्हणून माझ्याकडून कबुली काढली. मंगळवारचं मी फक्त तुला सांगितलं होतं. साडेसातच्या फोनवर."

ताईनं मान खाली घातली. कुठलंतरी शर्टाचं बटण ती उगाच लावत-काढत राहिली. मी तिला पहिल्यांदाच 'येते' न म्हणता निघाले. नऊ वर्षं तिला रोज जे जे उमगलं म्हणून सांगितलं, त्यातलं किती त्या हॉलमध्ये पोचलं असेल, हा हिशेब मी अजून करू शकलेले नाही. देवावरचा विश्वास माझा उडाला नाही. माणसावर ठेवताना मात्र आता हात अडखळतो.

ऑपरेशन बेबीला जागं ठेवून केलं. हाताचा भाग दुखावू नये म्हणून डॉक्टर गाठ काढत होते आणि ती सांगितल्याप्रमाणं डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत होती. बोटं मंदावली की ते थांबायचे. बहुतेक गाठ निघाली. थोडी ठेवावी लागली, हातासाठी. आता गोळ्या चालू आहेत.

"हे पुन्हा येणारच नाही असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. "आलं तर लवकर सापडावं, एवढं आपल्या हातात आहे."

बेबीच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चालतात. ती कारखान्यात जाते, आखणी करते, कापायला दुसरीला सांगते आणि ती चुकली की भांडते. मौनीदादांच्या हॉलला कुलूप आहे. आम्ही तक्रार केली, पुडीचा अहवाल जोडला. काही लोक अजून त्या कुलपापाशी येऊन उभे राहतात, 'दादा कुठं गेले' म्हणून विचारतात. त्यांच्यावर मला हसू येत नाही. आपलं माणूस हातातून निसटत असतं तेव्हा कोणीतरी ठामपणे बोलावं, एवढीच भूक असते. फसवणारे तीच ओळखतात. शिकलेल्या माणसाला ती भूक नसते असं कोणी समजू नये.

म्हणून हात जोडून सांगते. तुमच्या घरात मेंदूची गाठ काढलेलं कोणी असेल, तर 'स्वच्छ आहे' ऐकल्यावरही पुढच्या स्कॅनची तारीख चुकवू नका. नवी डोकेदुखी, निसटणारा हात, अडखळणारा शब्द, आकडी दिसली तर तारखेची वाटही बघू नका. कोणी बाहेरचं औषध दिलं तर ते डॉक्टरांना दाखवा, लाजू नका, दडवू नका. हात सुधारला म्हणजे रोग गेला असं धरून चालू नका. का सुधारला ते विचारा. तुमच्या माणसाच्या दुखण्याचं खापर कोणी तुमच्या व्रतावर, पापावर, जिभेवर फोडलं, तर तिथून तुमच्या माणसाला घेऊन उठा. प्रार्थना करा, मी रोज करते. पण प्रार्थना आपल्याला बळ देण्यासाठी असते, तपासणी टाळण्यासाठी नाही.

आणि डॉक्टर 'अजून सांगता येत नाही' म्हणाले, तर त्यांना सोडून जाऊ नका. 'मग कळण्यासाठी काय करायचं?' एवढंच विचारा, आणि ते करा.